तेल उताराला उलटं कसं चढलं, मालतीबाई?

तुम्ही रोज ज्या विहिरीचं पाणी पिता, ते पाणी विहिरीत येण्याआधी कुठं होतं, हे कधी कुणाला विचारलंय का? ‘झऱ्यातनं येतं’ हे उत्तर चालणार नाही. झऱ्यात कुठनं येतं? कुणाच्या परसाखालनं, कुठल्या रस्त्याखालनं, काय काय चाटत ते तुमच्या घागरीपर्यंत पोचतं?

मालतीबाई, हा प्रश्न तुमचा आहे. वर्गात तुम्ही तो इतक्या वेळा विचारलात की मुली तुमच्या मागं तुमची नक्कल करायच्या, मीसुद्धा. आज तो मला भिंतीवर डकवायच्या कागदावर लिहावा लागतोय, आणि तुम्ही तो वाचायला नाहीत.

तुमचं दहावं अजून व्हायचंय. आणि तालमीच्या फळ्यावर वस्तादांनी खडूनं लिहिलंय: येत्या रविवारी सकाळी कै. मालतीबाईंच्या स्मरणार्थ तालमीची विहीर उपसण्यात येईल, पेठेतल्या सर्वांनी घमेली घेऊन यावं. तुमच्या नावानं, बाई. नेमकं तेच. जे थांबवायला सांगावं का सांगू नये यावरून आपलं दोन पावसाळे भांडण चाललं होतं, ते आता तुमच्या फोटोला हार घालून होणार आहे.

मी वस्तादांकडं गेले होते. तालमीच्या दारात दगडावर बसले होते, डोळे लाल होते. तुम्हांला पंचगंगेवर नेताना पहिला खांदा त्यांचा होता, हे तुम्हांला कळलं असतं तर तुम्ही संकोचानं मेला असता.

“वस्ताद, रविवारचं रद्द करा,” मी म्हटलं.

“का गं पोरी? बाईंनी पेठेच्या दोन पिढ्या शिकवल्या. त्यांच्यासाठी आमी एवढं बी करायचं न्हाय व्हय?”

“न्हाय करायचं.”

“तुझी जीभ लय चालती. कारण सांग.”

“कारण सांगायला लय लांबनं यायला लागतंय.”

“मग लिही की! तुझ्या बाचा छापखाना हाय, रातदिस कागदं छापतोय. लिही, आन् हितं भिंतीला डकव. लोकं वाचतील. पटलं तर पटलं. न्हाय पटलं तर रविवारी इंजिन चालू.”

म्हणून लिहितेय. बोलतेय तुमच्याशी, पण भिंतीपाशी उभं राहून पेठ ऐकणार आहे. तुमची परवानगी मी घेतलेली नाही. ती तुम्ही दोन वर्षांत दिली नाहीत, आता काय देणार?

तुम्हांला माहीत आहे मी कशावर वाढले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्च्यांची, संपांची, महागाईची, पाण्याच्या हंड्यांची. ओल्या शाईचे कागद दोरीवर वाळत असायचे आणि मी खाली पडून ते वाचायचे. ‘जाहीर धिक्कार’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता यायला लागलं. सातवीत तुम्ही ‘आमच्या गावाचे पाणी’ यावर निबंध लिहायला सांगितलात, तेव्हा मी नगरपालिकेला असं झोडपलं की बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वही परत दिलीत. खाली लाल शाईत एकच ओळ होती: ‘उद्गारचिन्हं भरपूर. माहिती कुठं आहे?’

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून आहे. चिडूनच तुमच्याकडं येत राहिले. शाळा सुटली, मॅट्रिक झाले, छापखान्यात बसायला लागले, तरी येत राहिले. हे प्रेम आहे असं कुणी म्हटलं असतं तर दोघींनीही नाक मुरडलं असतं.

सुरुवात दुधाच्या कट्ट्यावर झाली, आठवतं? संध्याकाळी बाबू गवळी म्हशी घेऊन कोपऱ्यावर यायचा आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पेल्यात धार काढून द्यायचा. तुमचा रोजचा एक पेला ठरलेला. त्या दिवशी एक पैलवान गडी पेला बाबूच्या तोंडापुढं नाचवत होता.

“काय रं बाबू, म्हशीला पेट्रोल पाजलंस व्हय?”

“ओ पावणं, जरा दमानं. तुमच्या डोळ्यांम्होरं धार काढली की.”

“मग वास कशाचा येतोय?”

“तुमच्या मिश्यांचा आसंल. आंघोळ कवा केलती?”

हाणामारीच व्हायची. तुम्ही मधे गेलात, गड्याच्या हातातला पेला काढून घेतलात, दूध खाली ओतलंत (बाबू कळवळला) आणि रिकाम्या पेल्याचा वास घेतलात. मग बाबूच्या टोपलीतला न वापरलेला पेला उचलून त्याचाही वास घेतलात. सगळा कट्टा बघत राहिला. शाळेतली बाई पेले हुंगत फिरतीय.

“बाबू, पेले कशानं विसळतोस?”

“पाण्यानं. आनि कशानं?”

“कुठल्या पाण्यानं?”

“तालमीच्या हिरीच्या. सगळी पेठ पितीय की ते.”

म्हैस निर्दोष सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच विहिरीचं पाणी परातीत घेऊन अंगणात उन्हात ठेवलंत आणि मला बोलावलंत. पाण्यावर मोराच्या मानेसारखा रंग तरंगत होता, निळा, जांभळा, मधेच सोनेरी. मला संताप आला. तुम्ही म्हणालात, “किती सुंदर दिसतंय ना?” आणि लगेच, “आलं कुठून असेल?” मला दोन्ही वाक्यांचा राग आला होता, खरं सांगते. पेठेच्या पिण्याच्या पाण्यावर पेट्रोल तरंगतंय आणि बाई म्हणतायत सुंदर.

पेठेला उत्तर लगेच सापडलं. पलीकडच्या तालमीच्या पोरांनी कुस्तीत मार खाल्ला म्हणून रॉकेल ओतलं. लाठ्या निघायच्या बेतात होत्या. वस्तादांनी पोरांना आवरलं आणि पेठेला जे उत्तम येतं ते करायचं ठरवलं: विहीर उपसायची.

कोल्हापूरच्या माणसाला विहीर उपसताना बघावं. शेतावरनं डिझेल इंजिन आणलं, काठावर बसवलं, पाईप सोडला. हलगी वाजायला लागली. पाणी तळाला गेलं तशी तालमीची पोरं लंगोट लावून आत उतरली आणि घमेल्याघमेल्यानं गाळ वर आला. बायकांनी गूळ-पाणी आणलं. कुणी एक पैसा घेतला नाही. भिंती घासल्या, तळ खरवडला, विहीर आरशासारखी केली. नवीन पाणी भरलं ते गोड, बिनवासाचं. तुम्ही पहिली ओंजळ प्यालात आणि वस्तादांना म्हणालात, “वस्ताद, मानलं.” त्यांची छाती तुम्ही त्या दिवशी केवढी मोठी केलीत! त्याची किंमत पुढं तुम्हांलाच मोजावी लागली.

कारण वास परत आला. आणि पहिल्यापेक्षा उग्र आला.

परत उपसा. परत हलगी, परत गूळ. पाणी गोड. आणि परत वास, या वेळी लवकर. तुम्ही परसदारी काचेच्या बाटल्यांची रांग लावली होतीत, प्रत्येकीवर कागदाची पट्टी. तुम्ही एकेक बूच काढून हुंगत होतात आणि मला म्हणालात, “स्वच्छ केल्यावर घाण वाढते. असं का होत असेल गं?” दुसऱ्या कुणाला यात भीती दिसली असती. तुमच्या आवाजात कोडं सापडल्याचा आनंद होता.

मला कोडं वाटतच नव्हतं. कोपऱ्यावर पूर्वी पेट्रोल पंप होता, हे पेठेतलं शेंबडं पोर सांगेल. रस्ता रुंद झाला तेव्हा पंप गावाबाहेर गेला. यंत्रं उचलली, पत्रे काढले, वर फरशी ओतली. आता तिथं टेम्पो उभे राहतात आणि एक भडंगाची गाडी. पण जमिनीतल्या टाक्या? त्या कुणी काढताना पाहिल्या? कुणीच नाही. लोखंडी टाक्या ओल्या मातीत इतकी वर्षं गंजत पडल्या आहेत. आणखी काय पुरावा पाहिजे? मी त्याच दिवशी मथळा तयार केला: ‘पेट्रोलवाल्यांचं पाप, पेठेच्या पोटात!’

तुम्ही चष्मा वर करून वाचलात. “अनुप्रास छान जमलाय. पण पंप विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. पाणी वर चढतं का?”

मी म्हटलं, “चढलंय की. दिसतंय ना!”

“दिसतंय. पण कसं चढलं? ते सांगता येईपर्यंत हे पत्रक कुणीही एका फुंकरीनं उडवेल.”

मग शब्बीरमामा आले. खालच्या गल्लीतले गवंडी, तुमच्या घराची भिंत त्यांच्याच हातची. त्यांच्याकडं रबराची लांबलचक नळी होती, टोकांना काच बसवलेली. आत पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं, त्यावरून ते जोत्याची पातळी धरतात. तुम्ही ती नळी गल्लीतून नेऊन एका विहिरीच्या काठाची उंची दुसऱ्या विहिरीच्या काठाशी ताडून बघायची ठरवलीत. मग प्रत्येक विहिरीत खडू लावलेली दोरी सोडायची, खडू कुठवर भिजला ते बघायचं, आणि कुठल्या विहिरीचं पाणी वर उभं आहे, कुठल्या खाली, ते काढायचं. म्हणजे जमिनीखालचा उतार, जो कुणी कधी पाहिला नाही.

ती सकाळ मी विसरणार नाही. एक टोक तुमच्या हातात, एक मामांच्या, मधली नळी उचलून धरायला मी आणि भडंगवाला. येणारा जाणारा थांबत होता.

“काय ओ मामा, नळाची लाईन टाकताय व्हय?”

“न्हाय, पानी मोजतोय.”

“ह्या एवढ्याशा नळीत पंचगंगा मावतीय व्हय?”

“तू हो बाजूला, तुझ्या सावलीत काच दिसंना.”

“बाई, तुमी पगारी रजा काढून हे करताय?”

“बिनपगारी,” तुम्ही काचेवरची नजर न हलवता म्हणालात.

उत्तर निघालं आणि माझा मथळा पार बुडाला. तालमीच्या विहिरीचं पाणी सगळ्यांत वर. त्याच्या खाली पंपाचा कोपरा. त्याच्या खाली शब्बीरमामांच्या परसातली विहीर. आणि मग उतार सरळ नदीकडं. म्हणजे पंपाच्या टाकीतून तेल गळलं तर पाण्याच्या पाठीवर बसून ते मामांच्या विहिरीत जायला पाहिजे, तालमीच्या नव्हे. मामांची विहीर मात्र स्वच्छ. बाटली हुंगा, उन्हात परातीत ठेवा, काही नाही.

तेल उताराला उलटं कसं चढलं?

त्या संध्याकाळी तुमचा चेहरा सुट्टी लागलेल्या पोरीसारखा होता. मी जळत होते. “बाई, लोक पितायत,” मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, “मी घरोघर सांगून आलेय, पिऊ नका म्हणून.” सांगून आला होतात, हे खरं. आणि लोकांनी ‘बाई म्हणत्यात म्हंजे खरंच आसंल’ म्हणत तुम्हांला चहा पाजला होता, त्याच पाण्याचा. तुम्हांला चहातही वास आला होता. तुम्ही तो प्यालात, कारण नाही म्हणवलं नाही. तुमच्यातली ही एक गोष्ट मला कधी समजली नाही: दगडालाही प्रश्न विचाराल, पण माणसाला दुखवायची वेळ आली की गप्प.

नाही, कचेरीतल्या साहेबांपुढं तुम्ही गप्प नव्हतात. त्याचा आनंद मी अजून पुरवून पुरवून घेते. पंपाची जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या कचेरीत आपण गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, पंखा लावला.

“बाई, उगाच घाबरू नका. टाक्या रिकाम्या आहेत.”

“काढून रिकाम्या, का गळून रिकाम्या?”

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. चहा आला, प्यायला गेला, आणि उत्तर काही आलं नाही. बाहेर जिन्यात मी तुमचा हात धरून नाचायचीच बाकी होते. म्हटलं, बाई, हे छापूया! एवढं एकच वाक्य छापूया! तुम्ही म्हणालात, “तो प्रश्न आहे गं. प्रश्नाला उत्तर समजून छापायचं नसतं.” मी त्याच्याशी आजही सहमत नाही. काही प्रश्न छापावेच लागतात, बाई. उत्तर देणारा तोपर्यंत चहाच सांगत बसतो.

आणि मग ती घमेल्याची दुपार.

तुमच्या परसात घमेलं होतं, त्यात नदीची ओली वाळू. एका अंगाला खाली विटेचा तुकडा, म्हणजे उतार. वरच्या टोकाला वाळूत वाटीएवढा खड्डा केलात, ती तालमीची विहीर. मध्यावर निळ्या शाईचे थेंब, तो पंप. खालच्या टोकाला काड्यापेटी उभी केलीत, ते शब्बीरमामांचं घर. वरून थोडं थोडं पाणी सोडलंत. शाई बोटभर खाली सरकली, अगदी सावकाश, काड्यापेटीच्या दिशेनं. “बरोबर,” तुम्ही पुटपुटलात. “असंच व्हायला पाहिजे.”

मग तुम्ही चमचा घेतलात आणि खड्ड्यातलं पाणी उपसायला लागलात. चमचा, चमचा, चमचा. खड्डा कोरडा पडला की थांबायचं, पाणी भरू द्यायचं, परत उपसायचं. आणि शाई थबकली. मग वळली. मग उतार चढून वर यायला लागली, खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाणी आत धावत होतं आणि त्याच्याबरोबर तीही. शेवटी चमच्यात निळं पाणी आलं.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. मी ओरडले, “सापडलं!”

विहीर शांत होती तेव्हा जमिनीखालचा उतार नदीकडं होता. इंजिन लावून ती तळापर्यंत कोरडी केली की काही काळ उतार तिच्याकडं फिरायचा. जितकं जोरात उपसलं, तितक्या लांबून तेल ओढलं गेलं. वास आला म्हणून उपसा, उपसा झाला म्हणून वास. पहिल्यांदा ते तेल तिथवर कसं आलं, हेही मग कळलं: दर उन्हाळ्यात, जत्रेच्या आधी, तालीम विहीर उपसतच आलीय. पेठेला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्या कुठल्या पेठेची विहीर इतकी स्वच्छ नव्हती, म्हणून दुसऱ्या कुठल्या पेठेच्या विहिरीत तेल आलं नाही.

“आत्ताच्या आत्ता वस्तादांना सांगूया,” मी म्हटलं. “उपसा बंद.”

तुम्ही परत वाळूवर पाणी सोडलंत. या वेळी चमचा उचलला नाहीत. आपण दोघी बघत बसलो. निळा डाग हळूहळू वळला आणि खाली निघाला. तुम्ही बोट दाखवलंत. “हे घर कुणाचं?”

काड्यापेटी.

“उपसलं तर वर, नाही उपसलं तर खाली,” तुम्ही म्हणालात. “दोन्हीकडं माणसंच आहेत.”

बाई, इथून पुढं आपलं भांडण संपलंच नाही. तुम्ही म्हणायचात, आणखी एक पावसाळा बघू, पंपाजवळ एक खड्डा मारून त्यात पाईप सोडू, टाकीत खरंच काय उरलंय ते कळू दे. वस्तादांच्या पोरांनी घाम गाळलाय, त्याला चूक म्हणायचं तर हातात पक्कं पाहिजे. आणि शब्बीरला मी काय सांगू, तुझ्याकडं येऊ घातलंय म्हणून? मी म्हणायचे, होय, हेच सांगा! दोघांनाही सांगा, एका जागी बसवून सांगा! तुम्ही बाटल्या भरत राहिलात. मी पत्रकाचे शिशाचे अक्षरखिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून ठेवले, पत्रक छापलं नाही. बाबा रोज ओरडायचे, “तुझ्या त्या पेट्रोल-पाप-पेठेपायी माझे सगळे ‘प’ अडकून पडलेत, लोकांच्या लग्नाच्या पत्रिका मी कशानं जुळवू?” हे तुम्हांला सांगायचं राहिलं. तुम्ही हसला असता. मी तुमच्या होकाराची वाट बघत होते, हेही सांगायचं राहिलं. मला वाटलं, वाट बघणं हा दुबळेपणा आहे, तो कशाला दाखवा.

आता एक मोह सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिला मथळा आला तो असा की, पेट्रोलनं बाईंचा बळी घेतला. पेठेनं तो डोळे मिटून खरा मानला असता. रविवारपर्यंत कचेरीच्या काचा शिल्लक राहिल्या नसत्या. पण डॉक्टर हृदय म्हणाले, आणि तुमचं हृदय कधीपासून कुरकुरत होतं हे मला ठाऊक आहे. मी तो मथळा लिहिला नाही. जिवंतपणी तुम्ही मला एवढं शिकवू शकला नव्हता. गेल्यावर लगेच शिकवलंत, हा तुमचा नेहमीचा आगाऊपणा.

आणि काल मी तुमच्या परसात गेले. बाटल्या तशाच उभ्या आहेत. मामांच्या विहिरीवरची सगळ्यांत अलीकडची बाटली मी उघडली, परातीत ओतून उन्हात धरली. खूप वेळ बघत राहिले, डोकं वाकडं करून, तुमच्यासारखी. काही नाही. नितळ. मामा मागं येऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, वाळू, शाई, काड्यापेटी. तुम्ही जे करायला धजत नव्हतात ते करून टाकलं.

मामांनी परात माझ्या हातातनं घेऊन स्वतः उन्हात धरली. मग म्हणाले, “बाईनं मला का न्हाय सांगितलं?”

“तुम्हांला भीती वाटेल म्हणून.”

“वाटली की आता.” मग बाटल्यांकडं बघत म्हणाले, “पर भ्यालेला मानूस काय तरी करतो. ज्याला ठावंच न्हाय तो काय करनार? माझी हीर हाय. मला कळाया पायजे हुतं.”

बाई, या एका गोष्टीत मी बरोबर होते. मला ते तुमच्याशी भांडून जिंकायचं होतं. असं नव्हतं जिंकायचं.

पण तुम्ही जे शोधलंत, ते माझ्या पत्रकाच्या बापालाही सापडलं नसतं. मी शत्रू शोधत होते, तुम्ही वाट शोधलीत: तेल कुठल्या वाटेनं येतं, कुणाच्या कुठल्या कष्टानं ती वाट वळते, आणि ते किती सावकाश जातं. त्या सावकाशीतच सगळं आहे. वाळूत उपशानं शाई धावली होती. नुसत्या उतारानं ती बोटभर सरकायला दुपार गेली. म्हणजे आपल्याला वेळ आहे. थोडा आहे, पण आहे.

तुम्हांला सगळं पक्कं कळेपर्यंत थांबायचं होतं. मला सगळं कळलेलं नाही. टाकीत किती उरलंय ते ठाऊक नाही, मातीत किती मुरलंय ते ठाऊक नाही, आमच्या खालचा दगड घमेल्यातल्या वाळूसारखा वागतो का हेही पक्कं ठाऊक नाही. एवढं सगळं ठाऊक नाही असं कबूल करणारं पत्रक आमच्या छापखान्यातून पहिल्यांदाच बाहेर पडतंय. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, “यात जोर नाही.” मग परत वाचलं आणि म्हणाले, “राहू दे. एकही शब्द बदलू नको.”

वस्ताद, आता तुमच्याशी बोलते. तुमच्या पोरांच्या घामाला कुणी नावं ठेवत नाही. तो घाम खोटा असता तर विहीर इतकी कोरडी पडलीच नसती. पण बाईंसाठी काही करायचं असेल तर या वेळी हात बांधून उभं राहायला लागेल, आणि तालमीतल्या माणसाला ते किती जड जातं हे मला कळतं. उपसलेलं पाणी गटारातनं कुठं जातं तेही एकदा बघा. ते खालच्या गल्लीतच जातं, मामांच्या दारावरनं.

भिंतीपाशी उभं राहून हे वाचणाऱ्यांनो, एवढं करा. रविवारी इंजिन शेतावरच राहू द्या, एका बाटलीपुरतं पाणी सोडलं तर तालमीच्या विहिरीत दोरीसुद्धा सोडू नका, आणि पिण्यासाठी नळाचं पाणी भरून ठेवा. घमेली घरी ठेवून वरच्या आणि खालच्या दोन्ही गल्ल्यांनी सकाळी पंपाच्या कोपऱ्यावर या. फरशीला हात लावू नका, टाकी आपण उघडायची नाही. विड्या आणि काड्या घरी ठेवा. येताना आपापल्या विहिरीचं पाणी काचेच्या बाटलीत भरून, वर नाव लावून आणा, आणि ओळीनं मांडून तिथंच बसा. त्या कचेरीतनं माणसं येऊन टाक्यांचा तळ आपल्यासमोर दाखवत नाहीत, आत असेल ते काढून टाक्या उचलायचा दिवस सांगत नाहीत, तोवर उठायचं नाही, मग सोमवारी कचेरी उघडेपर्यंत बसावं लागलं तरी. वस्ताद, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आणि शब्बीरमामांना तुमच्या शेजारी जागा धरा.